लेकराकडून साक्ष पाठ करून घेऊ नका

बीड जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलंय. नवरा-बायको ऊसतोडीला गेले होते, नऊ वर्षांची लेक सासूजवळ होती. पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडणीचा हंगाम संपल्यावर, घरी आले तेव्हा तिनं सांगितलं, चुलत दिरानं तिच्याशी वाईट केलं. गुन्हा नोंदला, पण दवाखान्याच्या रिपोर्टात काही निघालं नाही. पोलिसांना ती ‘सकाळी’ म्हणाली, मॅजिस्ट्रेटसमोर ‘दुपारी’. आता साक्षीची तारीख लागलीय. “भावकी म्हणते, लेकराच्या बोलण्यावर कोर्ट भरवसा ठेवत नाही, मिटवून घ्या. मी रोज रात्री तिच्याकडून जबाब पाठ करून घेते, तर आता ती बोलायचीच बंद झालीय. काय करू?”

ताई, आज रात्रीपासून ते पाठांतर थांबवा. लेक कोर्टात चुकू नये म्हणून तुम्ही जीव तोडताय, हे दिसतंय. पण याच पाठांतरानं तिची साक्ष कच्ची होते. लहान साक्षीदार समोर आला की न्यायाधीश आधी हेच पारखतात, की हे लेकरू स्वतःचं सांगतंय की कुणी पढवलेलं. “आईनं काय बोलायला सांगितलं?” असं आरोपीचा वकील हमखास विचारेल आणि ती खरं तेच सांगेल. तिनं तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते ज्या शब्दांत, तेच तिचे शब्द. गावाकडचे, अर्धवट, कसेही असोत. ते बदलू नका. कायद्याचे शब्द तिच्या तोंडी घालू नका. “जे झालं ते सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. मी तुझ्यावर रागावणार नाही.” एवढंच सांगा.

साक्ष द्यायला कायद्यानं कमीत कमी वय ठरवलेलं नाही. न्यायाधीश आधी नाव, शाळा, बाईंचं नाव असं साधंसाधं विचारून बघतात. तिला प्रश्न कळले आणि उत्तरं देता आली की झालं.

भावकी म्हणते ते खरं नाही. 1951 साली निकाल लागलेल्या राजस्थानातल्या रामेश्वर खटल्यात आठ वर्षांच्या मुलीची साक्ष होती. दुसरा पुरावा असल्याशिवाय शिक्षाच करता येत नाही असा कायदा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच सांगितलं. तिनं आईला जे सांगितलं होतं, त्याचाही आधार न्यायालयानं घेतला. तुमचीही साक्ष होईल. तुम्ही कधी परत आलात, तिनं कसं सांगितलं, तक्रारीला उशीर का झाला, ते सरळ सांगा. तुम्ही कारखान्यावर होता, हे उशिराचं खरं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या गुरमित सिंग निकालातही उशिराकडं समजून बघितलं आहे. आणि महिन्यांनी झालेल्या तपासणीत काही निघालं नाही, म्हणून काही घडलंच नाही असं होत नाही.

सकाळ-दुपारचं मनावर घेऊ नका. कोणी केलं आणि काय केलं, हा गाभा. तो पहिल्या दिवसापासून तोच असेल तर कडेच्या तफावतीनं साक्ष पडत नाही. दर जबाबात माणूसच बदलला, नवीनच प्रकार जोडले गेले, तर मात्र कोर्टाला शंका येते. पाठांतराची भीती मला त्यासाठीच वाटते. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या पोक्सो कायद्यात आरोपी दोषी असल्याचं गृहीत धरण्याचं कलम आहे, पण मूळ घटना सरकार पक्षाला आधी उभी करावी लागते. म्हणून निकाल काय लागेल याचा शब्द मी देऊ शकत नाही. आरोपी सुटला तरी तुमची लेक खोटी ठरली असं घरात कुणी म्हणता कामा नये.

ती कोर्टात रडली, गप्प झाली, तरी तिला दटावू नका. 1986 सालच्या एका घटनेत साक्षीला उभी राहिलेली मुलगी नुसती रडत राहिली होती. उच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये इतर पुराव्यावर त्याला पुन्हा दोषी धरलं आणि लेकराच्या मुकेपणाचा फायदा आरोपीला मिळणार नाही, असं सांगितलं.

सरकारी वकिलांना तारखेच्या आधी भेटा. आरोपी तिला दिसणार नाही अशी सोय कोर्टानं करायची असते. सुनावणी बंद खोलीत होते, तिच्या विश्वासातलं माणूस जवळ बसू शकतं, आणि वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच येतात. मध्ये विश्रांती मागता येते. हे सगळं मागून घ्या, लाजू नका. हा गुन्हा बैठकीत मिटत नाही. कुणी धमकावलं तर पोलिसांकडं लेखी द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अत्याचार झालेल्यांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचीही चौकशी करा.

आणि दसऱ्याला ऊसतोडीची टोळी न्यायला मुकादम येईल. हंगाम सुरू व्हायच्या आत साक्ष घ्या म्हणून वकिलांमार्फत आत्ताच अर्ज द्या. यंदा तिला त्या घरात ठेवून जाऊ नका. शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं विचारा, नाहीतर तुमच्या माहेरी ठेवा.