रोज सकाळचं कोरडं फडकं आणि गाडीचा रंग

प्रश्न : माझी काळी सेडान आठ वर्षांची आहे, कधी ठोकलेली नाही, सोसायटीत गाड्या पुसणारे दादा रोज सकाळी पुसतात, तरी उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. गॅरेजवाले म्हणतात पूर्ण गाडी रंगवून घ्या. घेऊ का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नका हो, अजिबात नका रंगवू. कंपनीचा ओरिजिनल रंग एकदा खरवडला की तो परत मिळत नाही. कारखान्यात नुसती बॉडी असताना रंग साधारण १४० अंशाला भाजतात, गॅरेजच्या बूथमधे ६० च्या आसपासच थांबावं लागतं कारण तोवर गाडीत वायरिंग, प्लॅस्टिक, सीटा सगळं बसलेलं असतं.

आणि दुखणं तुम्हीच लिहिलंय बघा, "रोज पुसतात". रात्रभर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच, तिच्यावरून कोरडं फडकं फिरवलं की ती वाळू रंगावर घासली जाते, आणि तेच फडकं त्याआधी दहा गाड्यांवरून फिरलेलं असतं. दादांचा दोष नाही, त्यांना एका बादलीत पंधरा गाड्या उरकायच्या असतात. त्यांना सांगा, आठवड्यातून एकदाच धुवा पण भरपूर पाणी मारून, बाकी दिवस फक्त काचा. गाडी धुळकट दिसेल, दिसू दे, नुसत्या बसलेल्या धुळीने रंग खराब होत नाही, ती कोरडी घासल्याने होतो.

आता ओरखड्यांचं. ते गोल नसतातच, सगळीकडे आडवेतिडवे असतात, पण सूर्याभोवती जे योग्य कोनात येतात तेवढेच चमकतात म्हणून गोल जाळं दिसतं. हे जवळजवळ सगळे क्लिअर कोटमधे असतात, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, आणि हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मा धरा. कंपाउंड (घासणारी पेस्ट) मारून चकाचक करणं म्हणजे ओरखडा भरणं नाही, आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणं. म्हणून हे काम दोनतीनदा जमतं, दर दिवाळीला नाही. नख फिरवून बघा, नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, त्याच्या मागे लागू नका. छतावर कुठे पांढरट पडून साल निघत असेल तर तिथला थर संपलाय, तेवढा पॅनल मात्र रंगवावाच लागेल.

पॉलिशचं काम द्यायच्या आधी विचारा की रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का, मशिन ड्युअल अ‍ॅक्शन (चकती फिरता फिरता डोलणारं) आहे की रोटरी (चकती एकाच जागी गरगर फिरणारं). रोटरी वाईट नाही पण हात सराईत लागतो. माझ्या स्वतःच्या गाडीच्या दाराची कड एका ठिकाणी रोटरीने अशी जाळली की खालचा करडा प्राइमर दिसायला लागला, बोटभर जागा, पण दार उघडताना रोज तिथेच नजर जाते. कडांवर थर पातळ असतो, चांगला माणूस आधी तिथे टेप लावतो. शिवाय मशिनच्या आधी क्ले बार (रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ वडी) फिरवलाच पाहिजे, का ते बघायचं तर गाडी धुवून हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि बॉनेटवरून हळूच फिरवा, नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे गाडी रोज उभी राहत असेल तर जास्तच, ग्राइंडिंगचे लोखंडाचे कण रुतून बसतात, धुऊन निघत नाहीत.

प्रश्न : द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर डाउनीसाठी (केवडा रोग) बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो, ब्लोअरचे तुषार बांधावरच्या पांढऱ्या गाडीवर उडून निळसर ठिपके पडलेत, शाम्पूने जात नाहीत.
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भाऊ, नखाने किंवा भांड्याच्या घासणीने काढू नका, तो वाळलेला चुना आहे, खरवडला की खडूच्या खड्यासारखा ओरखडत जाईल. गाडी सावलीत थंड होऊ द्या, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात कापड भिजवून ठिपक्यावर दोनतीन मिनिटं नुसतं ठेवा, घासायचं नाही, मग भरपूर पाणी. गरज पडली तर परत. बोर्डो तयार करताना तुम्ही विळा बुडवून त्यावर तांबूस चढतं का बघता आणि त्याप्रमाणे चुना वाढवता, तीच काळजी शाम्पूची घ्या, न्यूट्रल पीएचचाच घ्या, कपड्यांची पावडर नको. ठिपका निघून खाली फिकट वर्तुळ राहिलं तर तेवढ्यापुरतं हाताने पॉलिश. आणि फवारणीच्या दिवशी गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावा, धुळकट गाडीवर कव्हर टाकलं तर ते वाऱ्याने हलून अजून घासतं.

प्रश्न : दसऱ्याला नवी गाडी घेतोय. शोरूमवाले सिरॅमिक कोटिंग म्हणतात, मित्र पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) म्हणतो. दर आठवड्याला मुंबईला जाणं आहे.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आठवड्याला कसारा घाट असेल तर पुढचा बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्याला पीपीएफ, बाकी गाडीला सिरॅमिक, जमत नसेल तर नुसतं चांगलं सीलंट (मेणासारखा लावायचा संरक्षक लेप). पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी सिरॅमिक अडवत नाही, तो फार पातळ थर आहे, त्याचं काम पाणी आणि चिखल निसटून जावा एवढंच. सिरॅमिकच्या जाहिरातीतलं नाइन एच ऐकून भुलू नका, ती पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाची मोजपट्टी आहे. आणि कोटिंगच्या आधी पॉलिश करणार का ते विचारा, यार्डात धुताना पडलेले ओरखडे तसेच कोटिंगखाली राहतात.

पूजा जरूर करा, स्वस्तिकही काढा, फक्त ओल्या कुंकवाने हलक्या बोटाने, आणि त्याच संध्याकाळी पाणी सोडून धुवा. हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घासू नका, चारदोन दिवसांच्या उन्हाने तो उडतो. झेंडूची माळ बॉनेटवर न टाकता जाळीला बांधा, चालत्या गाडीत तिचा दोरा रंगावर घासत राहतो.

प्रश्न : बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून आम्ही आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतो. तरी डाग आहेतच.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : ताई-दादा, जे कोणी असाल, पाणी वाचवता हे फार चांगलं, पण आरओ जे क्षार गाळतं ते सगळे त्या वाया पाण्यातच जातात, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड. त्याने फरशी धुवा, बाथरूम धुवा. गाडी बोअरच्या पाण्यानेच पण सकाळी सातच्या आत सावलीत धुवा, एकेक पॅनल लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या, वाळू देऊ नका, आणि शेवटचा एक तांब्या-दोन तांबे नळाचं पाणी बॉनेट-छतावरून सोडा. आत्ता जे डाग आहेत त्यांना वरच्या भाऊंना सांगितलेलं व्हिनेगरच.