फ्रेंच ‘मर्त्र’ आणि आपला ‘मृत्यू’

प्रश्न असा आला आहे: फ्रेंचमध्ये खुनाला ‘मर्त्र’ म्हणतात (त्यातला ‘म’ ओठांचा चंबू करून उच्चारायचा). हा शब्द लॅटिनमधून आला का, आणि आपल्या ‘मृत्यू’शी त्याचं काही नातं आहे का?

नातं आहे, पण लॅटिनमार्फत नाही. फ्रेंच ही लॅटिनची लेक; ‘मृत्यू’साठीचा तिचा ‘मॉर’ हा शब्द थेट लॅटिनमधूनच आला. ‘मर्त्र’ मात्र पूर्वी फ्रान्समध्ये येऊन राज्य केलेल्या फ्रँक टोळ्यांच्या जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) बोलीतला. इंग्रजी ‘मर्डर’ आणि जर्मन ‘मोर्ड’ हे त्याचे भाऊबंद. सगळ्यांचं मूळ एकच, ‘मरणे’ या अर्थाचा आदिम भारोपीय (संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषांच्या समान पूर्वज भाषेतला) धातू. संस्कृत ‘मृ’ त्यातूनच आला आणि त्यातून आपले मरण, मारणे, अगदी शिवीतला ‘मेल्या’सुद्धा. म्हणजे फ्रेंचमध्ये एकाच धातूची दोन लेकरं दोन वाटांनी येऊन शेजारी नांदत आहेत, हे मला फार विलोभनीय वाटतं. आपला ‘खून’ मात्र फारसीतला. तिथे त्याचा अर्थ रक्त.

याच कुळातलं ‘मर्त्रीर’ हे क्रियापद पूर्वी ‘ठार मारणे’ या अर्थी होतं. आज त्याचा अर्थ मुका मार देणे. मार लागून काळी पडलेली नासपतीही ‘मर्त्री’च. आणि किल्ल्याच्या तटातली बाण मारायची उभी फट म्हणजे ‘मर्त्रिएर’, शब्दशः ‘खुनी स्त्री’. आतून रुंद, बाहेरून चिंचोळी: आपल्या गडांवर हिंडणाऱ्यांनी ओळखलंच असेल, ही तर जंगी!

खरी गफलत होते ती खुनासाठीच्या ‘आसासिना’ या दुसऱ्या फ्रेंच शब्दात. ‘हशीशी’ या अरबी शब्दावरून, इटालियनमार्गे आलेला हा शब्द दिसला की मराठी बातमीत ‘राजकीय हत्या’ छापलं जातं. फ्रेंच कायद्यात राजकारणाचा इथे संबंध नाही. दंडसंहितेच्या कलम 221-1 नुसार जाणूनबुजून जीव घेणं म्हणजे ‘मर्त्र’, शिक्षा 30 वर्षं कारावास. तोच आधी कट करून किंवा दबा धरून केला, तर कलम 221-3 खाली ‘आसासिना’, शिक्षा जन्मठेप. बांधावरून भांडण झालेल्या शेतकऱ्याने शेजाऱ्याला ठरवून मारलं, तरी तो खून ‘आसासिना’च. भाषांतर करताना ‘मर्त्र’ला नुसतं ‘खून’ आणि ‘आसासिना’ला ‘पूर्वनियोजित खून’ लिहावं. मारला गेलेला माणूस पुढारी असेल, तरच ‘राजकीय’ हे विशेषण वेगळं जोडावं.