चोपड्याची पोरगी, डाउनहिल रेस आणि दोन एकराचा तुकडा

चोपडा तालुक्यातून एका केळीवाल्या भाऊंचं लांबलचक पत्र आलंय. मुलगी नववीत, तीन वर्षं रोलर स्केटिंग करते, जिल्ह्याला दोनदा मेडल आहे. मागच्या मे महिन्यात इथे ४५ डिग्री पेटलेली असताना सगळं घर मनालीला गेलं, रोहतांगच्या बर्फात भाड्याच्या स्की लावून पोरगी तासभर घसरली, आणि तेव्हापासून मोबाईलवर दुसरं काही नाही, नुसत्या ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या रेस. मला डाउनहिल रेसर व्हायचंय, बस. आजी म्हणते, "बरफवर काय पोट भरस का व माय?" आणि भाऊंचा प्रश्न असा की दोन एकराचा तुकडा विकायला काढून तिला युरोपला पाठवू का, उद्या पोरीने म्हणायला नको की बापाने पैशाकडे पाहिलं.

भाऊ, तुकडा काढू नका. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. पण पोरीला "नाही" सुद्धा म्हणू नका.

आता ती जे बघतेय ते काय आहे ते आधी समजून घेऊ, कारण घरात कोणालाच ते माहीत नसणार. डोंगरावरून खाली घसरत यायचं ते अल्पाइन स्कीइंग, त्यात मुख्य चार रेस असतात. स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल. रेसरने ज्या झेंड्यांमधून वळत जायचं ते झेंडे स्लॅलममध्ये जवळजवळ, वळणं भराभर, स्की आखूड. जायंट स्लॅलम आणि सुपर-जी मधल्या. डाउनहिलला झेंडे लांब लांब, वळणं मोठी आणि स्पीड म्हणाल तर आपल्या हायवेवर कार पळते त्याच्या वर, १२०-१३० तर नेहमीचं, आणि २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला एका फ्रेंच रेसरचा स्पीड ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. इंजिन नाही, ब्रेक नाही, पायाखाली दोन फळ्या. बायकांच्या डाउनहिलची स्की कमीत कमी २१० सेंटिमीटर असते, म्हणजे तुमच्या पोरीच्या उंचीपेक्षा हातभर तरी जास्तच. ऑस्ट्रियातल्या किट्सब्युएलची जी रेस ती सारखी लावते ना, ती सव्वातीन किलोमीटरची, वरून खाली ८६० मीटरचा उतार, आणि १९९७ चा रेकॉर्ड आहे १ मिनिट ५१.५८ सेकंद. तोरणमाळचा घाट उतरायला एसटीला किती वेळ लागतो ते आठवा आणि मग हा आकडा परत वाचा.

हे सगळं तिला आवडणारच, कोणाला नाही आवडणार. पण एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. डाउनहिलला कोणी सुरुवात करत नाही. तिथले पोरं तीन-चार वर्षांची असताना स्कीवर उभी राहतात, सात-आठ वर्षांची झाली की क्लबात जातात, मग कितीतरी वर्षं नुसतं स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, आणि त्यातून ज्याची स्की बर्फाला घट्ट धरते, ज्याला भीती कमी आणि डोकं जास्त, तो पुढे स्पीडच्या रेसकडे, म्हणजे सुपर-जी आणि डाउनहिलकडे वळतो. म्हणजे डाउनहिल हा शेंडा आहे, आणि आपण इथे बसून शेंड्याचंच रोप मागतोय. लिंडसे वॉनचं उदाहरण कोणीतरी देईलच, की ती अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका छोट्याशा टेकडीवर शिकली आणि जगात नंबर एक झाली. खरंय. पण तिने अगदी लहानपणापासून त्या टेकडीवर हजारो फेऱ्या मारल्या आणि मग अख्खं कुटुंब डोंगराकडे राहायला गेलं, हे सांगायचं लोक विसरतात.

आता आपल्या देशाचं बघा. आपला स्की रेसर आरिफ खान गुलमर्गच्या पायथ्याचा, चार वर्षांचा असताना स्कीवर उभा राहिला, वडिलांचं स्कीचं दुकान. म्हणजे घरातच बर्फ. तरी पैशांअभावी त्याचं २०१८ चं ऑलिम्पिक हुकलं. २०२२ ला बीजिंगला तो भारताचा एकटा खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला, आणि त्याआधी युरोपातल्या ३५ दिवसांच्या ट्रेनिंगला आणि सामानाला सरकारने साडेसतरा लाखांच्या आसपास रक्कम मंजूर केली होती. पस्तीस दिवसांना, भाऊ. आता तुमच्या दोन एकरात किती महिने बसतात ते तुम्हीच मांडा. मनालीजवळची आंचल ठाकूर, तिने २०१८ ला तुर्कस्तानात ब्राँझ घेतलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय मेडल म्हणून ते गाजलं, तिचाही भाऊ २०१४ च्या ऑलिम्पिकला गेलेला. आणि आरिफ, आंचल दोघंही स्लॅलम-जायंट स्लॅलमवाली. ऑलिम्पिकच्या डाउनहिलमध्ये भारताच्या नावाने उतरलेले जेरेमी बुयाकोव्स्की, ते १९६४ आणि १९६८ साली, आणि ते मूळचे पोलिश घराण्यातले.

हे असं का, तर डाउनहिलला उतार लागतो प्रचंड, पुरुषांच्या वर्ल्ड कपला निदान ८०० मीटर, शिवाय कोर्सच्या कडेने पडणाऱ्याला अडवायला जाळ्या, बर्फ पाणी मारून काचेसारखा कडक केलेला, हेलिकॉप्टर तयार. आणि पात्रतेचं गणित उलटं असतं, एफआयएस म्हणजे जागतिक स्की संघटना, तिचे पॉइंट जितके कमी तितका खेळाडू चांगला. बीजिंगच्या वेळी स्लॅलमला १६० पॉइंटच्या आत चालत होतं, डाउनहिलला ८० च्या आत लागत होतं. म्हणजे दारच अर्ध्या रुंदीचं.

आणि जीवाचं पण बोललं पाहिजे, बाप म्हणून तुम्हाला ते माहीत असावं. गुडघ्याचं लिगामेंट तुटणं ही या खेळातली रोजची बातमी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इटलीचा एक २५ वर्षांचा रेसर चिलीमध्ये ट्रेनिंग करताना जाळ्या ओलांडून गेला आणि वारला. आता वर्ल्ड कपच्या स्पीड रेसना कपड्यांच्या आत एअरबॅग सक्तीची झालीये, पण एअरबॅग गुडघा वाचवत नाही.

मग करायचं काय. वर्ल्ड कपची डाउनहिल रेसर, हे चौदाव्या वर्षी चोपड्याहून सुरू करून होणं मला दिसत नाही, खोटं बोलून फी घेणारे बरेच आहेत, मी त्यातला नाही. स्कीइंग मात्र दिसतं. आणि ते पोरीला खरंच हवंय का हे कळायला युरोप नाही, १४ दिवस लागतात. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि माउंटेनियरिंगची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्था आहे, उत्तराखंडातल्या औलीलाही शिकवतात. दोन आठवड्यांचा बेसिक कोर्स असतो, जानेवारी-फेब्रुवारीत. फॉर्म लवकर भरा, सीटा लवकर जातात, आणि फी, वयाची अट सगळं त्यांच्याकडूनच कन्फर्म करा, एजंटच्या नादी लागू नका.

मी स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षी औलीला गेलेलो, पोरांना सल्ला देतो तर निदान एकदा करून बघावं म्हणून. भुसावळहून दिल्ली, हरिद्वार, मग जोशीमठपर्यंत बस, कंबर तिथेच गेली. पहिले दोन दिवस कोणी लिफ्टजवळ जाऊ देत नाही. स्की आडव्या धरून, एक एक पाऊल चढत, खेकड्यासारखं टेकाडावर जायचं, आणि दहा सेकंदात खाली यायचं, तेही ढुंगणावर. परत चढायचं. मग स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा चिमटा करून ब्रेक मारायचा. माझ्या पायांना तो चिमटा चार दिवस कळलाच नाही. आमच्या बॅचला पुण्याची एक कॉलेजची पोरगी होती, दुसऱ्या दिवशी रात्री ढसाढसा रडली आणि आठव्या दिवशी सरांशी भांडत होती की मला वरच्या उतारावर सोडा. आणि एक दांडगा पोरगा, जिममधला, रीलमध्ये एक नंबर, चौथ्या दिवशी ताप आलाय म्हणून खोलीत बसला तो बसलाच. तुमच्या पोरीचं पाचव्या-सहाव्या दिवशी काय होतं ते बघा. स्केटिंगचा फायदा तिला होणार, तोल आणि कडेवर वजन टाकणं तिला आधीच येतं, फक्त थांबायची सवय बदलावी लागेल.

एक अडचण आत्ताच सांगतो, बर्फाचा सीझन आणि आपली बोर्डाची परीक्षा एकाच वेळी येतात. म्हणून ह्या जानेवारीत पाठवा, नववीत आहे तोवर. पुढच्या वर्षी दहावी, तेव्हा डोंगराचं नाव नको. त्यानंतरही ती टिकली आणि दरवर्षी दोन-अडीच महिने जायचं ठरलं, तर अकरावी-बारावी ओपन स्कूलमधून करता येते, एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला असतात, सीझन मोकळा राहतो. बेसिकनंतर इंटरमिजिएट, ॲडव्हान्स, मग राज्याच्या टीमची निवड. खेलो इंडियाच्या विंटर गेम्स २०२० पासून सुरू आहेत, गुलमर्गला अल्पाइन होतं, तिथे महाराष्ट्राच्या जर्सीत स्लॅलम पळणं हे ध्येय मला पाच-सहा वर्षांत शक्य वाटतं. तेवढं झालं तरी तालुक्यात बॅनर लागेल.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बरफवर पोट भरतं, पण बहुतेकांचं रेसवर नाही भरत. जगात वर्ल्ड कपचे वरचे थोडे रेसर सोडले तर बाकीच्यांचा खर्च फेडरेशन, स्कीच्या कंपन्या आणि आईबाप मिळून चालवतात. पोट भरतं ते शिकवण्यावर, स्की पेट्रोलवर म्हणजे उतारावर पडलेल्यांना उचलणाऱ्या बचाव पथकात, खेळाडूंच्या फिजिओथेरपीवर, आणि आपल्याकडे वर्दीवर. आयटीबीपीची, म्हणजे चीन सीमेवरच्या निमलष्करी दलाची, औलीला स्वतःची माउंटेनियरिंग-स्कीइंगची संस्था आहे, लष्कराची गुलमर्गला आहे, दोघांचे स्की करणारे संघ आहेत. पोरगी धडधाकट आहे, बारावीनंतर वर्दीचा विचार करायला काय हरकत आहे, पगार मिळून वर बर्फ. मला विचाराल तर सायन्स ठेवा, फिजिओचं दार उघडं राहतं.

आता दोन ओळी पोरीला, भाऊ हे तिला वाचून दाखवा. बेटा, रेस बघतेस तर नुसती उडी बघू नको. रेसच्या आधी रेसर बाजूने हळूहळू उतरत अख्खा कोर्स तपासतात आणि मग वर जाऊन डोळे मिटून हात हलवत तोच कोर्स मनात पळतात, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं. ते बघ. तुझ्या स्केटिंगच्या ट्रॅकवर तसं करून बघ. आणि रोज स्क्वॉट, एका पायावरचे पण.

आणि भाऊ, कोर्सला पाठवताना आजी जाड लोकरीचे मोजे विणायला बसेल, तिला थांबवा. स्कीचा बूट दगडासारखा कडक प्लास्टिकचा असतो, त्यात मी एकावर एक दोन मोजे घातले होते, रक्त थांबून दुपारपर्यंत बोटं निळी पडली. एकच मोजा, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. स्वेटर विणू द्या.