विसरलेलं गणित नेमकं कुठून उचलायचं?

जुलै-ऑगस्ट आला की या सदराकडे एका ठरावीक प्रकारची पत्रं येऊ लागतात. नोकरी, संसार, मुलांची शाळा यात दहा-पंधरा वर्षं गेली, आता पुन्हा कॉलेजात नाव घातलं आहे, आणि गणिताचं पुस्तक उघडलं की काही म्हणता काही आठवत नाही. या वेळची सगळी जागा याच पत्रांसाठी ठेवली आहे.

प्रश्न : २००५ मध्ये कला शाखेतून बारावी झाले. आता मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करते आहे. संख्याशास्त्राच्या भागात अडकते. मुलगी सातवीत आहे. तिच्याबरोबर पहिलीपासूनची पुस्तकं काढून बसू का? – वाचक, सांगली

पहिलीपासून नको. त्यात दोन महिने जातील, आणि जे येतंच आहे तेच पुन्हा केल्यामुळे कंटाळा येऊन पुस्तक मिटेल. आधी तुमची ओळ कुठे तुटते ते शोधा. एका कोऱ्या कागदावर ही चार उदाहरणं कॅल्क्युलेटर न घेता सोडवा: ३/४ + ५/६ किती? −७ − (−१२) किती? ३(क्ष − ४) = २क्ष + ५ असेल तर क्ष किती? २५० रुपयांची वस्तू आधी २० टक्क्यांनी महागली आणि मग २० टक्क्यांनी स्वस्त झाली, आता किंमत किती? उत्तरं १९/१२, ५, १७ आणि २४० रुपये. मात्र फक्त बरोबर-चूक पाहू नका. पेन कुठे थांबलं, कोणती पायरी अंदाजाने लिहिली, त्यावर खूण करा. छेद समान करताना अडलात, तर अपूर्णांकांपासून सुरुवात. कंसाबाहेरचा ३ फक्त क्षलाच लावला आणि ४ तसाच राहिला, तर पदावल्यांपासून. शेवटच्या उदाहरणाचं उत्तर २५० आलं असेल, तर शेकडेवारी पुन्हा पाहायला हवी, कारण दुसऱ्या वेळी २० टक्के ३०० वर काढायचे असतात.

संख्याशास्त्राचं उदाहरण घेऊनच सांगते. ३, ३, ७, ७ या चार संख्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे त्या मध्यापासून किती पसरल्या आहेत त्याचं माप, काढायचं आहे. मध्य ५. मध्यापासूनची अंतरं −२, −२, २, २. त्यांचे वर्ग ४, ४, ४, ४. वर्गांची सरासरी ४, आणि तिचं वर्गमूळ २. सूत्र कितीही भीतिदायक दिसलं तरी आत एवढंच चालतं. आता कोणी −२ चा वर्ग −४ लिहिला, तर बेरीज शून्य येते आणि उत्तर सांगतं की चारही संख्या एकसारख्याच आहेत. अशा विद्यार्थिनीला वाटतं की आपल्याला संख्याशास्त्र जमत नाही. खरं म्हणजे तिला संख्याशास्त्र कळलेलं असतं, फक्त चिन्हांचा एक नियम हातातून सुटलेला असतो. आणि तो नियम दोन दिवसांत परत बसतो.

तुमच्या घरातच सातवीचं पुस्तक आहे, ते घ्या, आणि आठवीचं बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या. पूर्णांक, अपूर्णांक, घातांक, शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, एकचल समीकरणं एवढीच प्रकरणं करा, बाकीची सोडा. मुलीबरोबर बसण्याची कल्पना मला मनापासून आवडली. तिला तुम्ही समजावून सांगा, मग तिला तुम्हाला समजावू द्या.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच स्मरणाचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पूर्वी पाठ केलेलं आता अजिबात आठवत नाही असं वाटत असलं, तरी ते दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे तुमची शाळेतली वर्षं वाया गेलेली नाहीत.

प्रश्न : मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला नऊ वर्षं नोकरी केली. आता थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आहे. एम-थ्रीच्या (इंजिनीअरिंग गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या) पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर जे लिहिलं त्यातलं एक अक्षर कळलं नाही. एम-वन, एम-टू तर आम्हाला नव्हतेच. आता काय करू? – वाचक, पिंपरी

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या बहुतेक मुलांना हाच धक्का बसतो, आणि त्यातली बरीच मुलं पहिल्याच महिन्यात 'बॅकलॉग राहणारच' असं मनाशी ठरवून टाकतात. कृपा करून तसं ठरवू नका. तुमची अडचण मोठी दिसते, पण ती मोजता येते.

एम-वनचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, तेवढा वेळ सत्रात नाही. उलटीकडून या. एम-थ्रीचं एक सोडवलेलं उदाहरण घ्या आणि त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा, ही पायरी मुळात कोणत्या इयत्तेची? लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन घ्या. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा सहगुणक १, पहिल्याचा ५ आणि शेवटचा ६ असेल, तर पहिली पायरी म्हणजे त्याच सहगुणकांवरून बनणारं म² + ५म + ६ = ० हे समीकरण सोडवणं. अवयव (म + २)(म + ३), उत्तरं −२ आणि −३. हे दहावीचं वर्गसमीकरण आहे. पुढे घातांकी फलाचं उत्तर लिहिणं हे त्या प्रकरणातलं नवं काम, आणि ते सगळ्या वर्गालाच नवीन आहे, एकट्या तुम्हाला नाही.

इन्व्हर्स लाप्लास या एम-थ्रीतल्याच दुसऱ्या प्रकरणातही तेच. १/((स + १)(स + २)) याचे तुकडे करून १/(स + १) − १/(स + २) असं लिहिता आलं, की उरलेलं काम लाप्लासच्या सूत्रांच्या तक्त्यात पाहून होतं. हे तुकडे करणं म्हणजे पार्शल फ्रॅक्शन, आणि त्याच्या मुळाशी आहे अपूर्णांकांची बेरीज उलटी करणं. ज्याला १/२ − १/३ = १/६ हे छेद समान करून दाखवता येतं, त्याला हेही येईल.

अशी आठ-दहा उदाहरणं उलटी वाचलीत की यादी हातात येईल. माझ्या अनुभवात ती जवळपास नेहमी सारखीच निघते: अवयव पाडणं, घातांक आणि लघुगणकाचे नियम, त्रिकोणमितीची नित्यसमानता, प्रमाणित फलांची डेरिव्हेटिव्ह, चेन रूल, प्रमाणित इंटिग्रेशन, यूव्ही रूल (दोन फलांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन), पार्शल फ्रॅक्शन, थोडे कॉम्प्लेक्स नंबर. यातला मोठा भाग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी बेसिक आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये तुमच्यासमोर येऊन गेला आहे. ती जुनी वही घरात कुठे असेल तर आजच शोधा. स्वतःच्या अक्षरातलं गणित फार लवकर ओळखीचं होतं.

खालचं सगळं पक्कं होईपर्यंत वरचं थांबवायचं नाही, हेही सांगते. हॅरी बारिक आणि लिंडा हॉल यांनी १९९१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत शिकलेलं बीजगणित माणसाला पुढे किती वर्षं येतं हे त्यात तपासलं होतं. ज्यांनी पुढे कॉलेजात कॅल्क्युलस किंवा त्याहून वरचं गणित घेतलं, त्यांचं बीजगणित सुमारे पन्नास वर्षांनंतरही जवळपास शाबूत होतं. ज्यांचं शिक्षण बीजगणितावरच थांबलं, त्यांचं बहुतेक पुसलं गेलं. म्हणजे अवयव पाडणं पक्कं होतं ते डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना. म्हणून सकाळी एम-थ्रीचं चालू प्रकरण, रात्री यादीतला एक मुद्दा, अशी दोन्ही कामं एकत्र चालू द्या. शिफ्ट असेल त्या आठवड्यात रात्रीचं काम वीस मिनिटांवर आणा, पण तोडू नका.

प्रश्न : दहावीला मी सामान्य गणित घेतलं होतं. आता २९ व्या वर्षी बी.सी.ए. करायचं आहे. सगळे म्हणतात, उजळणी कर. पण उजळणी करायला मला काही येतच नव्हतं. – वाचक, लातूर

तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, आणि हा फरक तुम्ही स्वतः ओळखलात ही मोठी गोष्ट आहे. 'सामान्य गणित' हा पर्याय राज्य मंडळाने पुढे बंद केला, पण त्यातून गेलेल्या हजारो मुलांना बीजगणित नीट भेटलंच नाही. तुम्ही विसरलेले नाहीत, तुम्ही पहिल्यांदा शिकणार आहात. तेव्हा तुमचा वेग मघाच्या दोघांसारखा नसेल. त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका आणि प्रवेशाआधी तीन-चार महिने हाताशी ठेवा.

नववीचं गणित भाग १ घ्या. पहिलंच प्रकरण संचांचं आहे, आणि तेच बी.सी.ए.च्या डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये पुन्हा येतं. त्यानंतर वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणं. मग दहावीचं भाग १ : वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता. भूमिती सध्या बाजूला ठेवली तरी चालेल. या दोन पुस्तकांतली उदाहरणं हाताने सोडवलीत, तर मॅट्रिक्स आणि बायनरी संख्या समोर आल्यावर तुम्ही गांगरणार नाही. जवळपास एखादे निवृत्त गणित शिक्षक असतील तर त्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास मागा. नाही म्हणणारे शिक्षक मी फार कमी पाहिले आहेत.

प्रश्न : मोबाइलवर उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येतं. मला त्या पायऱ्या कळतातही. मग परीक्षेत का सुचत नाही? – वाचक, ठाणे

कारण पायरी ओळखणं वेगळं आणि ती स्वतः काढणं वेगळं. परीक्षेत दुसरं लागतं. मोबाइल फेकून द्या असं मी म्हणणार नाही, तुमच्याजवळ विचारायला दुसरं कोणी नसेल तर तो मोठा आधार आहे. फक्त क्रम बदला. आधी कागदावर दहा मिनिटं स्वतः झगडा, अर्धवट का होईना. मग उत्तर पाहा आणि आपली ओळ कुठे फुटली तिथे खूण करा. मग मोबाइल बंद करून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा, आणि दुसऱ्या दिवशी काहीही न बघता आणखी एकदा. व्हिडिओंनाही हाच नियम.

प्रश्न : मी परिचारिका आहे, वय ४६. जी.एन.एम.नंतर आता पोस्ट बेसिक बी.एस्सी. करते आहे. शाळेत गणित चुकलं की सर फळ्यासमोर उभं करून मारायचे. अजूनही संख्याशास्त्राचा पेपर हातात आला की डोकं रिकामं होतं. – वाचक, नाशिक

तुमच्या बाबतीत जे घडलं ते घडायला नको होतं, आणि त्याचा तुमच्या बुद्धीशी काहीही संबंध नाही.

डोकं रिकामं होण्यामागे कारण आहे. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं, की गणिताची भीती असलेल्या माणसाची त्या क्षणी आकडे डोक्यात धरून ठेवण्याची जागाच कमी पडते. हातचा लक्षात ठेवावा लागणाऱ्या बेरजांत हे सगळ्यात जास्त दिसलं. तेव्हा उपाय असा, की डोक्यात काही धरूनच ठेवू नका. पेपर हाती येताच पहिल्या दोन मिनिटांत लागणारी सगळी सूत्रं शेवटच्या पानावर लिहून काढा. हातचेही लिहा, कंसही लिहा, एकही पायरी गाळू नका. मग सगळ्यात सोपं वाटणारं उदाहरण आधी घ्या, ते कितव्याही क्रमांकाचं असो.

आणि वॉर्डात तुम्ही रोज काय करता ते आठवा. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांना १ मिलीचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. यात एककांचं रूपांतर आहे, गुणोत्तर आहे, आसन्न किंमत आहे, आणि उत्तर चुकलं तर रुग्णावर बेततं. हे करणाऱ्या बाईला गणित येत नाही असं कोणीही म्हणू नये, तुम्हीसुद्धा. सरावाची उदाहरणंही तुमच्या कामातूनच घ्या: एका आठवड्याच्या तापाच्या नोंदींचा मध्य काढा, मध्यक काढा, प्रमाण विचलन काढा. भीती पार जाईल असं वचन मी देत नाही, पण हाताला काम माहीत असलं की भीती असतानाही पेपर लिहिता येतो.

प्रश्न : रोज किती वेळ द्यावा? रविवारी सहा तास बसलो तर चालेल का? आणि एक प्रकरण पूर्ण संपवूनच पुढे जावं का? – वाचक, कोल्हापूर

रविवारचे सहा तास तोडून रोज पन्नास मिनिटं करा. वेळ तेवढाच लागेल, आणि टिकेल जास्त.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळांना पटत नाही. एका प्रकरणाची वीस उदाहरणं सलग केली की हात छान चालतो, पण तेव्हा कोणती रीत वापरायची हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. परीक्षेत ते कोणी सांगत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींना एकेका आकाराची उदाहरणं सलग दिली, काहींना सरमिसळ. सराव चालू असताना सलग करणारे पुढे होते, ८९ टक्के विरुद्ध ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलग करणाऱ्यांना २० टक्के जमलं, सरमिसळ करणाऱ्यांना ६३.

म्हणून नवीन रीत शिकताना पहिली चार-पाच उदाहरणं सलग करा, त्यानंतर मिसळा. रोजच्या पन्नास मिनिटांतली पंधरा जुन्यासाठी राखा: एक उदाहरण कालचं, एक गेल्या आठवड्यातलं, एक महिन्यापूर्वीचं. उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाका, पाठीमागे फक्त पुस्तकाचा पान क्रमांक लिहा, उत्तर नको. सुटलेली चिठ्ठी डब्यात परत जाते, न सुटलेली दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी निघते. पहिले दहा-बारा दिवस चुका वाढल्यासारख्या वाटतील. त्या दिवसांत पद्धत बदलू नका.