वाचकांचे प्रश्न: प्लेनरचा अँप इलेक्ट्रोस्टॅटिकला चालेल का?

प्रश्न: सर, माझ्याकडे हायफायमॅन एचई-6 हा प्लेनर (चुंबकांमधल्या पातळ पडद्यातून करंट जाऊन वाजणारा) हेडफोन आहे आणि तो स्पीकर अँपवर (स्पीकरसाठीच्या अॅम्प्लिफायरवर) मस्त वाजतो, आता स्टॅक्स एसआर-एल300 हा इलेक्ट्रोस्टॅटिक (जास्त व्होल्टेजवर पडदा हलवणारा) हेडफोन घ्यायचा विचार आहे तर हाच अँप पुरेल का? आणि एचई-6 चे कानावरचे पॅड बदलू का?

उत्तर: डायरेक्ट नाही चालणार हो. एचई-6 ला करंट लागतो, 50 ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (एक मिलिवॅटला मिळणारा आवाज) फक्त 83.5 डेसिबल, म्हणजे 110 डेसिबलच्या पीकला (क्षणभराच्या मोठ्या आवाजाला) जवळपास अर्धा वॅट, म्हणून तर तो तुमच्या स्पीकर अँपवर खुलतो. स्टॅक्सचं उलटं, करंट नगण्य पण डायफ्रामला (आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला) 580 व्होल्ट बायस म्हणजे कायमचं व्होल्टेज आणि वर शेकडो व्होल्टचा सिग्नल. तुमचा अँप ठेवायचाच असेल तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला अॅडॉप्टर लागेल, पण स्टॅक्सचा असा जुना अॅडॉप्टर एसआरडी-7 घेताना सॉकेट बघाच, सहा होलचं म्हणजे 230 व्होल्ट बायस, तुम्हाला पाच होलचं, 580 वालं हवं. मला विचाराल तर स्टॅक्सचाच छोटा अँप घ्या, कटकट नाही.

पॅड बिनधास्त बदला, पण जुने जपून ठेवा कारण सील आणि कानापासूनचं अंतर बदललं की बास लगेच बदलतो. स्टॅक्स मात्र उघडू नका, बारीकशी धूळ डायफ्रामपाशी गेली तरी किरकिर सुरू होते.