पिंजरा आधी, चिंचिला नंतर

चिंचिला, म्हणजे दाट मऊ केसांचा, कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी, घरी आणायच्या आधी पिंजऱ्याचं बघा. मी उलटं केलं, आणि आठवड्याभरात पिंजऱ्याचा प्लास्टिकचा तळ कुरतडलेला सापडला. प्लास्टिक पोटात गेलं तर आतडं तुंबू शकतं, म्हणून पिंजरा धातूचाच घ्या. फळ्या भट्टीत सुकवलेल्या पाइनच्या चालतात, सीडरच्या नकोत.

हा प्राणी मूळचा अँडीज पर्वतातला, उड्या मारणारा. त्यामुळे पिंजरा उंच हवाच, पण उंच म्हणजे आतून नुसता पोकळ नव्हे. फळ्या आलटूनपालटून बसवा, म्हणजे पाय घसरला तरी तो थेट तळाशी आपटणार नाही. तळाला जाळी असेल तर झाकून टाका. पाय अडकून हाड मोडतं.

आता खरा प्रश्न, पिंजरा ठेवणार कुठे? याच्या केसांच्या एकेका मुळातून 50 हून जास्त केस निघतात, आणि घाम तर येतच नाही. तापमान 25 अंशांच्या वर गेलं की उष्माघाताची भीती. उन्हाच्या खिडकीत ठेवलेला महागडा पिंजरा म्हणजे भट्टीच. खोली थंड ठेवणं जमणार नसेल तर चिंचिला पाळूच नका, राग आला तरी चालेल.

त्याला पळायला चाक घेतलंत तर सलग पृष्ठभागाचं घ्या, दांड्यांचं नको.