मे महिन्यात जळगावहून गाडीने कोकणात: थंड पाणी आणि चहावरचा खर्च कसा वाचवायचा?

चौघांचा सगळ्यात जास्त पैसा थंड पाण्याच्या बाटल्यांवर जातो, म्हणून आधी छागळ (पाणी गार ठेवणारी कापडी पिशवी) घ्या. जाड कॅनव्हासची, पाच लिटरची. सिंथेटिक कापडाची घेऊ नका, ती पाझरत नाही आणि पाझरल्याशिवाय पाणी गार होत नाही. नवी छागळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे धागे फुगतात. नाहीतर धुळ्यापर्यंत निम्मी गळून जाईल. पहिली दोन पाणी ओतून द्या, कापडाचा वास असतो. वारा लागेल अशी बाहेर टांगा, पण इंजिनाच्या उष्णतेपासून आणि सायलेन्सरपासून लांब.

हा थंडावा आपल्या खानदेशच्या कोरड्या हवेतलाच. कसारा घाट उतरलात की हवा दमट, पाणी फारसं गार होणार नाही. तिथून पुढे बर्फाच्या बाटल्या काढा: लिटरच्या बाटल्या पाऊणच भरा (गोठताना पाणी फुगतं, गच्च भरलेली फुटते), दोन रात्री फ्रीजरमध्ये ठेवा आणि थर्माकोलच्या खोक्यात जुन्या गोधडीत गुंडाळून न्या. खोकं सारखं उघडू नका.

चहा तयार करून नेऊ नका, दुधाचा चहा थर्मासमध्ये चार-पाच तासांत वास मारतो. थर्मास उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवा, मग ते ओतून उकळतं पाणी भरा. चहाच्या पुड्या, साखर, दूध पावडर वेगळी.

जेवणाला दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात बांधा, गरम बांधल्या तर घाम धरून बुरशी येते. केळी थोडी कच्चीच घ्या.